टाकेबाईंचं बोट

टाकेबाईंच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांना आपल्या खिडकीतून दिसायचं, आणि सुईत दोरा त्या एका झटक्यात ओवायच्या. तरीही रोज सकाळी प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढण्याआधी त्या पर्समधून जाड फ्रेमचा चष्मा काढायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि तो नाकावर चढवायच्या. साध्या काचा लगेच ओळखू येतात असं मॅडमचं म्हणणं पडलं, म्हणून काचांना थोडा नंबरही घालून घेतला होता. त्या नंबरानं दुपारपर्यंत बाईंचं कपाळ ठणकायला लागायचं. न झालेल्या आजाराचा उपचार माणसानं किती करून घ्यावा? बाई वर्षानुवर्षं करून घेत होत्या.

मॅडम म्हणजे प्रसूतिगृहाच्या मालकीणबाई, स्वतः डॉक्टर. टाकेबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. बाळंतपणात फाटलेली किंवा कापावी लागलेली जागा शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून टाकेबाई. खऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावतायत म्हणून. त्यांच्या हातचे टाके पडलेली बाळंतीण आठवड्यात खुर्चीवर सरळ बसायची, आणि बायका हे एकमेकींना उघड सांगायच्या. मुलगा होणार की मुलगी, याची चौकशी करण्याआधी टाकेबाईंची ड्यूटी कधी आहे ते विचारणाऱ्या कितीतरी जणी होत्या.

या कसबाचं गुपित बाईंच्या डाव्या हाताच्या तर्जनीत होतं. रक्तानं भरलेल्या जागेत डोळ्यांना काही दिसत नाही. पुस्तक सांगतं, पुसा, चिमट्यानं धरा, नीट बघा, मग सुई घाला. बाई बघत बसायच्या नाहीत. डावं बोट मांसाखाली सरकवायचं, सुईचं टोक बोटाला लागलं की तिथून सुई वर काढायची, झालं. सुई कुठवर आली ते त्यांना बोट सांगायचं. नव्या डॉक्टरणींना मॅडम कौतुकानं दाखवायच्या, ‘बघा, याला हात म्हणतात.’

आता सुईचं टोक रोज बोटानं चाचपायचं म्हटल्यावर ते कधीतरी टोचणारच. टोचायचं. ग्लोव्हजला बारीक भोक पडायचं, बोटावर रक्ताचा ठिपका यायचा, आणि काम उरकल्यावर बाई नळाखाली बोट धरायच्या. नियम काय होता? सुई टोचली की ताबडतोब सांगायचं, पेशंटचं रक्त तपासायचं, गरज पडली तर गोळ्या सुरू करायच्या. बाईंच्या मते तो नियम शिकाऊ पोरींसाठी होता. टाकेबाईंना सुई टोचली, हे टाकेबाईंनी कुठल्या तोंडानं सांगायचं? चांगली स्वयंपाकीण चटका बसला म्हणून ओरडत सुटते का? अशी सगळी ऐट. जिच्या हाताला नाव असतं, तिला हातानं केलेली चूक गिळावी लागते, आणि ही चूक तर रोजचीच होती.

मग एकदा एका बाळंतिणीला रक्त कमी पडलं, आणि स्टाफमधल्या सगळ्यांनी हात पुढे केले. बाईंनीही केला. चार दिवसांनी रक्तपेढीतून त्यांना बोलावणं आलं. बाईंना एचआयव्ही होता.

घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते आणि उठताबसता विनोद करायची त्यांना वाईट सवय होती. त्यांचीही तपासणी झाली. ते स्वच्छ निघाले. घरी येताना रिक्षात म्हणाले, “इतकी वर्षं संसार केला, तुझा एकही गुण मला लागला नाही. म्हटलं, निदान अवगुण तरी लागेल.”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं ते घर येईपर्यंत थांबलं नाही.

म्हणजे आजार आला तो बोटातूनच आला. कुठल्या बाईच्या वेळी, कधी, काही सांगता येत नव्हतं. एकदाही नोंदवलं नव्हतं ना! सिद्ध करायला गेलं तर लोकांनी आधी यजमानांकडे बोट दाखवलं असतं, ते स्वच्छ आहेत म्हटल्यावर बाईंकडे. पण बाईंची झोप यानं गेली नव्हती. सुई बोटात शिरते तेव्हा बोटातलंही सुईला लागतं, आणि तीच सुई पुन्हा बाळंतिणीत जाते. बाईंना जे मिळालं होतं, ते त्यांनी किती जणींना दिलं असेल?

त्या मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम वाईट नव्हत्या. उठून त्यांनी दार लावलं, बाईंना बसवलं, पाणी दिलं.

“कुणाला बोललात?”

“यजमानांना फक्त.”

“बस. आता तिसऱ्याला नाही. बाहेर कळलं तर उद्या इथे काळं कुत्रं फिरकायचं नाही. तुमचं जाईल ते जाईल, आयाबाया, सिस्टर, सगळ्यांच्या चुली विझतील.”

“आणि त्या बायका, मॅडम?”

“कुठल्या बायका?”

“मी शिवलेल्या.”

मॅडम टेबलावरचं पेन उलटसुलट करत राहिल्या. “कुणाच्या वेळी टोचलं, सांगू शकता? नाही ना? मग काय, सगळ्यांना बोलवायचं? काय सांगून? आणि बाई, ज्या दुसऱ्या खेपेला येतात त्यांचं रक्त आपण तपासतोच की. सगळ्या चांगल्या निघाल्यात. बाकीच्याही चांगल्याच असतील.”

‘असतील’ या शब्दावर प्रसूतिगृह उभं राहिलं, ते पुढची कित्येक वर्षं.

उपचार केंद्रातला डॉक्टर तरुण होता आणि स्पष्ट बोलायचा. तो म्हणाला, “रोज गोळी घ्या. रक्तातला विषाणू इतका दबेल की मोजू म्हटलं तरी सापडणार नाही. नोकरी सोडायची गरज नाही, कुणाला सांगायची सक्ती नाही. टाकेसुद्धा घालता येतील. दोन ग्लोव्हज चढवा, चिमट्यानं धरा. बोटानं सुई चाचपायची मात्र नाही.” मग थोडं थांबून म्हणाला, “आधीच्या बायकांची तपासणी व्हायला हवी. ते तुमच्या हॉस्पिटलनं करायचं असतं. मी तुमचं गुपित फोडू शकत नाही.”

बाईंनी घरी उशीतला फोम कापून घेतला आणि दार लावून चिमट्यानं टाके घालायचा सराव केला. जमेना. चिमटा धरला की हात परक्याचा वाटायचा, आणि लक्ष जरा इकडचं तिकडे झालं की डावं बोट आपलं आपण खाली सरकलेलं असायचं. माणसाला स्वतःच्या बोटाची भीती वाटावी, यापरती नामुष्की नाही. त्यांनी मॅडमना सांगून टाकलं, “मी यापुढे शिवणार नाही.”

“लोकांना काय सांगायचं?” मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच उत्तर दिलं, “डोळे.”

असा तो चष्मा आला. बाई आता बाळांना अंघोळी घालायच्या, इंजेक्शनं द्यायच्या, कळा देणाऱ्या पोरींना धरून व्हरांड्यात चालवायच्या. दुसरीकडे नोकरी बघावी, तर नव्या जागी आधी रक्त तपासतात. घरी बसावं, तर लोक विचारणार, डोळ्यांचं एवढंसं निमित्त, त्यात चांगली चालती नोकरी का सोडली? जायला जागा नव्हती आणि राहायला कारण नव्हतं. जुन्या बायका रस्त्यात भेटायच्या. “ओळखलंत का बाई? हा बघा केवढा झाला!” म्हणून पोराला पुढे करायच्या. बाई पोराकडे बघायच्याच नाहीत. त्या आईकडे बघायच्या. वाळलीय का? खोकतेय का? पुढेपुढे तर लांबून ओळखीचं कुणी दिसलं की त्या रस्ता ओलांडायच्या, आणि मागून आवाज यायचा, “बिचारीला दिसत नाही हो हल्ली!”

अशात चिरंजीवांचं लग्न ठरलं. मुलगी शाळेत गणित शिकवणारी, चुणचुणीत, तोंडानं जरा फटकळ. स्थळ सुचवलं होतं तिच्याच थोरल्या बहिणीनं. ही ताई काही वर्षांपूर्वी टाकेबाईंच्या हाताखाली बाळंत झाली होती आणि तेव्हापासून बाईंच्या नावानं आरत्या ओवाळत होती. पहिल्या भेटीत, विहीणबाईंच्या आणि चिरंजीवांच्या देखत ती म्हणाली, “माझं शिवण यांचंच!” सगळे हसले. बाईंनी न प्यालेला चहा टेबलावर ठेवून दिला. रक्तपेढीच्या बोलावण्याच्या थोडंसंच आधी त्यांनी हिला शिवलं होतं, आणि ही दुसऱ्या खेपेला परत आलेली नव्हती.

सुनेला दिवस गेले तेव्हा तिनं पहिली गोष्ट काय सांगितली असेल? “आई, टाके तुम्हीच घालायचे.”

“अगं, मला दिसतं का आता!”

“ताई म्हणते तुम्ही डोळे मिटूनही घालता.”

“ताई काय, काहीही म्हणते,” बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

घरात चष्मा सांभाळणं फार अवघड. हॉस्पिटलात आठ तास सोंग आणता येतं, घरात माणूस सैल पडतो. यजमान इशारे करायचे. बाई चष्म्याशिवाय घड्याळ बघायला लागल्या की खाकरायचे, “आमच्या हिला अंदाजानंच वेळ कळते.” चिरंजीवांना काही सांगायची सोय नव्हती. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांची आईच जाणे. सून मात्र बघत होती. गणित शिकवणाऱ्या बाईला उत्तर चुकलं की पायरी शोधायची खोड असते.

सुनेचा सातवा महिना चालू होता. संध्याकाळ झाली होती, दिवे लागले नव्हते. बाई खिडकीशी बसून यजमानांच्या शर्टाला बटण लावत होत्या. दोरा तुटला. त्यांनी तो चाटला, सुईत ओवला, गाठ मारली. मान वर केली तर दारात सून.

“चष्मा कुठाय, आई?”

“अं? असेल इथंच कुठंतरी.”

“तुमच्या डोक्यावर आहे.” सून आत आली, तिनं चष्मा उचलून स्वतःच्या डोळ्यांवर धरला आणि काढला. “याचा नंबर माझ्या पाचवीतल्या पोरांपेक्षा कमी आहे. तुम्हाला सगळं दिसतं.”

बाईंनी सुई शर्टात खोचली.

“मला हात लावायचा नाही, असं सरळ सांगा ना! परक्या बायकांचं आयुष्यभर शिवलंत. मी सून म्हणून की काय? काय केलंय मी?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

बाईंनी तोंड उघडलं. शब्द गळ्यापर्यंत आला होता. पण त्यापाठोपाठ ताईचं हसरं तोंड डोळ्यांपुढे आलं, ‘माझं शिवण यांचंच’, आणि शब्द तिथूनच परतला. हिला सांगायचं म्हणजे ताईलाही सांगायचं. ताईला सांगायचं म्हणजे सगळ्यांनाच.

“डॉक्टरांनी बारीक काम करू नका म्हटलंय मला,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“बटणं चालतात वाटतं,” सून म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून ती बाईंशी कामापुरतं बोलू लागली. चहा द्यायची, पण कप हातात नाही, टेबलावर ठेवायची. बाई तो कप उचलताना विचार करायच्या, हिला काहीच माहीत नाही तर ही अशी. माहीत झालं तर कशी असेल?

कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी. मॅडम थिएटरमध्ये एका अडलेल्या बाईचं पोट उघडून बसल्या होत्या. लेबर रूममध्ये होती नवी डॉक्टरीण. पोरगी हुशार, पण हात अजून कोवळा. बाईंनी चष्मा चढवला आणि सुनेच्या उशाशी उभ्या राहिल्या. सुनेनं रुसवा विसरून त्यांचं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. मुलगी झाली. रडली. आयानं तिला पुसून गुंडाळलं. इथवर सगळं ठीक.

पण फाटलं होतं, आणि रक्त वाहत होतं. डॉक्टरीण टाके घालायला बसली. एक टाका, दुसरा टाका. पुसलं की भरायचं, पुसलं की भरायचं. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला. आया बाईंच्या कानाशी लागली, “टाकेबाई, एकदा हात घाला की हो! पोरीला जमत नाहीय.”

“मला दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

“आई,” सून कण्हत म्हणाली, “तुम्ही... तुम्हाला पाया पडते.”

बाईंचं डावं बोट एप्रनखाली वळवळत होतं. हे अलंकारिक नाही, ते खरंच वळवळत होतं, आणि बाईंनी ते उजव्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांच्या गोळ्यांनी रक्त शांत होतं, धोका नसल्यातच जमा, हे त्यांना तोंडपाठ होतं. घातले असते टाके. कुणाला कधी कळलं नसतं. पण तेवढंच तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या, कुणाला कळणार नाही असं. आणि आता जिला विचारायचं ती समोर टेबलावर पडलेली असताना, न विचारता?

त्या उशापासून पायाशी आल्या. एका नजरेत त्यांना दिसलं. फाटलेल्या जागेचं वरचं टोक सुटलं होतं. पोरीनं खालून सुरुवात केली होती आणि रक्त आतून, त्या टोकापासून येत होतं.

बाईंनी चष्मा काढून खिशात टाकला.

“काढ ते टाके,” त्या म्हणाल्या. “अगं, बघतेस काय, काढ! वर जा. आणखी वर. तिथं दुमड दिसतेय ना, फिकट? तिच्या मागे फाटलंय. आया, दिवा इकडे. दाबून पूस. आता चिमट्यानं धर. बोट नको! बोट बाहेर काढ आधी!” शेवटचं वाक्य त्या इतक्या जोरात ओरडल्या की आयाच्या हातातला दिवा हलला. “चिमट्यानं. हां. आता त्या टोकाच्या वर पहिला टाका. घट्ट. झालं. थांबलं की नाही?”

थांबलं होतं. डॉक्टरणीनं हुंदक्यासारखा श्वास सोडला. आया मात्र बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिथून अर्ध्या तासात अख्ख्या प्रसूतिगृहाला कळलं, की टाकेबाईंचे डोळे परत आले.

सुनेला खोलीत आणलं, पाळणा शेजारी लावला. चिरंजीव फोनवर गावभर बातमी देत बाहेर फिरत होते. सून डोळे मिटून पडली होती. न उघडताच म्हणाली, “तिथून सगळं दिसलं तुम्हाला. हात का नाही लावलात?”

या वेळी बाईंनी सांगितलं. बोट, सुई, रक्तपेढी, मॅडम, गोळ्या, चष्मा. कोरड्या आवाजात, ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची हकीकत सांगावी तसं. सुनेनं डोळे उघडले. बाई वाट बघत होत्या की ती आधी पाळण्याकडे बघेल, पोरीला कुणी उचललं होतं ते विचारेल. तिनं ते विचारलं नाही.

“आमच्या ताईचे टाके तुम्हीच घातले होते.”

“हो.”

“तेव्हा होतं तुम्हाला?”

“माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं ते सोडा. होतं?”

“असेल.”

सून छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि लग्नात ती तुमच्या गळ्यात पडली, तेव्हा माहीत होतं.”

बाई म्हणाल्या, “मी सांगते तिला. आज सांगते.”

“तुम्ही काही सांगू नका!” ती इतक्या झटक्यानं म्हणाली की टाके ओढले गेले आणि तिनं ओठ चावला. “मी बघते काय ते.”

तिनं बघितलं ते असं. घरी आल्यावर ताईला बोलावून सांगितलं, की बाळाच्या रक्ताचं काहीतरी बघायचंय, म्हणून घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासायला द्यायची आहेत. ताईनं खळखळून हसत बाही वर केली. “घ्या बाई घ्या, मावशीचं रक्त आहे, फुकट आहे!” कशासाठी घेतलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एका लपवलेल्या गोष्टीवर दुसरी लपवाछपवी बसली, आणि बाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या. निकाल येईपर्यंत यजमान एकसुद्धा विनोद करू शकले नाहीत.

ताई स्वच्छ निघाली. सुनेनं स्वयंपाकघरात येऊन नुसतं “चांगलं आहे” म्हटलं आणि ओट्याला टेकून बराच वेळ रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा की नाही, ते त्यांना ठरवता आलं नाही.

रडणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, “आता बाकीच्यांचं बघू. तू माझ्याबरोबर मॅडमकडे चल. माझं एकटीचं त्या ऐकत नाहीत. तू शिकलेली आहेस, बोलू शकशील.”

सुनेनं नाक पुसलं. “आई, आता पुरे.”

“अगं, पण त्या...”

“हिला पुढे शाळेत घालायचीय. यांना ऑफिसात जायचंय. मला वर्गात उभं राहायचंय. लोक एकट्या तुम्हाला नावं ठेवणार नाहीत. मॅडम म्हणतात तेच बरोबर आहे. त्या बायका चांगल्याच असतील.”

असतील! ताई सुटली, आणि सूनबाई मुकाट्यानं मॅडमच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तिला दोष काय द्यायचा? आपलं माणूस काठाला लागलं की पाण्यात आणखी कोण आहे ते मोजायला कुणी थांबत नाही.

बाई एकट्याच गेल्या. मॅडम वैतागलेल्या होत्या. डोळे परत आल्याची बातमी फुटल्यापासून बायका पुन्हा टाकेबाईंची ड्यूटी विचारायला लागल्या होत्या. “काय करून ठेवलंत हे? गप्प राहता आलं नाही?”

“माझी सून होती. रक्त वाहत होतं.”

“कळलं. आता हात. हाताला कंप सुटलाय म्हणायचं. वयच आहे, कुणी शंका घेणार नाही.”

“आणि बायका, मॅडम?”

“कुठल्या बायका?”

तेच वाक्य, तोच आवाज, आणि मॅडमच्या बोटांत उलटसुलट होणारं तसलंच पेन. बाई उठल्या. बाहेर पडताना लक्षात आलं, की चष्मा गेल्यापासून कपाळ ठणकत नाहीय. तेवढीच काय ती सुटका.

त्या दिवशी रस्त्यात एक जुनी बाळंतीण समोरून आली. बाईंनी रस्ता ओलांडला नाही. उभ्या राहिल्या. ती नेहमीसारखी पोराला पुढे करायला लागली, तर तिचं कोपर धरून म्हणाल्या, “ऐक. एकदा रक्त तपासून घे. एचआयव्हीसकट सगळं.”

“मला? मला काय झालंय?”

“काही नाही. घे तपासून.”

“काय बाई तुम्ही पण! नवऱ्याला काय सांगू?” ती हसत हसत लाल झाली आणि पोराला ओढत निघून गेली. घेतलं असेल का तिनं तपासून? बाई त्यानंतर जी भेटेल तिला तेवढंच सांगू लागल्या. बायका आपसात म्हणायला लागल्या, म्हातारी जरा सरकलीय. हात तर आधीच गेलाय.

घरी पाहुणे येत होते. विहीणबाई आल्या की म्हणायच्या, “अहो, आजीनं घ्यावं की नातीला!” बाई हात पुढे करणार तोच सून मध्ये यायची. “आईंचा हात थरथरतो हल्ली. पाडतील. माझ्याकडेच बरी.” इतक्या सफाईनं म्हणायची की बाईंनाही कळायचं नाही. ही आपल्याला झाकतेय की पोरीला वाचवतेय? विचारायची सोय नव्हती. पोर मांडीवर घेतल्यानं काही होत नाही, हे सुनेनं आपणहून उपचार केंद्रातल्या डॉक्टरला फोन करून विचारलं होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि हात आपोआप मध्ये जाणं वेगळं. बाईंइतकं ते कोण ओळखणार?

एका दुपारी घरात दोघीच होत्या. पोरीची नखं वाढली होती, गालावर ओरखडा उठला होता. सून छोटी कात्री घेऊन दोनदा बसली आणि दोनदा उठली. शेवटी कात्री बाईंपुढे ठेवून म्हणाली, “तुम्हीच कापा. माझा हात थरथरतोय.”

बाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच. डाव्या हाताच्या तर्जनीवर तिचं इवलंसं बोट टेकवलं, आणि उजव्या हातानं एकेक नख कापायला लागल्या. हात दगडासारखा स्थिर होता. नखाच्या कपच्या कण्यांसारख्या दुपट्यावर पडत होत्या. सून समोर उकिडवी बसली होती. ती लेकीकडे बघत नव्हती, सासूकडेही बघत नव्हती. ती कात्रीच्या टोकाकडे बघत होती, आणि प्रत्येक नख कापून झालं की तिचा अडकलेला श्वास सुटायचा. बाईंना तो ऐकू येत होता. त्या सावकाश कापत राहिल्या. विश्वास टाकला होता, हे खरं. तो टाकून ती राखणीला बसली होती, हेही खरं.

शेवटचं बोट राहिलं होतं आणि बेल वाजली.

“ताई असेल,” सून म्हणाली. तिनं बाईंच्या हातातली कात्री घेतली, पोरीला उचललं आणि दाराकडे गेली. कडीला हात घालून ती थांबली, आणि तिनं मागे वळून सासूकडे पाहिलं.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थरथरवायला सुरुवात केली.

तेव्हा तिनं दार उघडलं.